सावडीतला बैल

मुक्ता : पन देवाला बैल लागतोच कशाला? त्याला काय रान नांगरायचं हाय?

आबा : मुक्ते, त्वांड सांभाळ. खंडोबाला वाहिल्याला बैल तू धरून घरी आनलास. बापाला इचारलंस? आदी सोड त्याला.

मुक्ता : सोडते की. पेरनी झाल्यावर. देवळामागं उकिरडं हुंगत हिंडत हुता. दोन दिस पाभर वढली तर देवाचं काय झिजतंय?

आबा : आगं, तुजा भाऊ तापातनं उठला तो कुनामुळं?

मुक्ता : काढं मी पाजलं, आन् बैल देवाला! मच्छिंद्रकाका, तुमी शेजारी, तुमी तरी बोला. तुमचा एक बैल, आमचा एक, आशी आपली सावड. आता जोडी कशी लावायची?

मच्छिंद्र : मी भिमाजीच्या बैलाबरुबर जुपीन. पन आदी त्याचं रान, मग माजं, मागनं तुमचं.

मुक्ता : तवर वल र्‍हाती व्हय? निम्मी जवारी उगवायची न्हाई. कंट्रोलच्या दान्यावर तीन पोरं कशी जगवू? लढाईच्या दिसांत दुसरा बैल कोन देतंय? आई गेल्यापास्नं चुलीचं मी बघते, आबा. तुमी आपलं टाळ घिऊन देवळात!

आबा : बैल जुपायचा न्हाई.

मुक्ता : का पन?

आबा : न्हाई म्हंजे न्हाई.

मुक्ता : बघा! इचारलं की मुकं. भाऊ तापानं पडला तवा खंडोबाच्या भगतानं बैल मागितला आन् ह्यांनी दिला. कोंबड्यावर भागवायचं हुतं! वांगी घेताना घासाघीस करता की.

मच्छिंद्र : केली त्यानं घासाघीस.

आबा : मच्छिंद्रा, गप.

मच्छिंद्र : किती गप बसू? पोरी, मी हुतो तितं. भगतानं बैल मागितलाच न्हवता. 'थोरल्या पोरीला जेजुरीला मुरळी सोड' म्हनला. ह्यो त्याच्या पायावर पडला, 'पोर नगं, बैल घ्या.' आता तू ह्यो बैल जुपलास, तर भगत पुन्ना तुजंच नाव घील.

मुक्ता : ...मला का न्हाई सांगितलं, आबा?

आबा : तू हिसाब घातला आस्तास. म्हनली आस्तीस, बैल ठिवा, मला धाडा.

मुक्ता : म्हनले आस्ते.

(मुक्ता बैलाच्या पाठीवरून हात फिरवते.)

मुक्ता : काका, भिमाजीला सांगा, आमी मागनं पेरू. आबा, सोडा त्याला. दावं तेवढं काढून घ्या, नवं हाय.