नळीवरचं नाव

(नायगाव बाजारातलं भांड्यांचं दुकान, दुपारची वेळ. सटवाजी छिन्नीनं ताटांवर नावं घालतोय, बायको केवळाबाई ताटं पुसून रचतेय. लेक वर्षाराणी नुकतीच नांदेडच्या बसमधून उतरून आलीय.)

वर्षाराणी : छिन्नी खाली ठेवा आधी आणि या फोटोकडं नीट बघा. हे अक्षर कुणाचं?

सटवाजी : चष्मा न्हाई गं लावलेला.

केवळाबाई : कपाळावर काय हाय मंग? आन् चष्म्याबिगर सकाळधरनं नावं घालून राहिले व्हय?

सटवाजी : तू ताटं पूस. लई बारीक दिसून राहिलंय, वर्षे. कशाचा फोटो म्हनायचा हा?

वर्षाराणी : माझ्या नळीचा. समुद्रात सोडलेल्या.

केवळाबाई : अगं बया! घावली ती? दिवाळीपासनं मुकी झालती ना? पाच वर्सं दर धा दिवसाला मी फोन करून इचारायची, आली का गं वर? तू म्हनायचीस, आली माय. दोन किलोमीटर खाली जायची बिचारी एकटी, पान्याची गरमी मोजायची, मीठ मोजायची, वर येऊन त्या उपग्रहाला सांगायची, की पुन्यांदा बुडी. तिच्या निमतानं तू बी फोन उचलायचीस.

वर्षाराणी : टोमणा कळला. मालदीवच्या एका कोळ्याला सापडली, वाळूत पडलेली. त्यानं तिथल्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना नेऊन दिली. आमच्या कामात पाच देशांची माणसं आहेत, कुणाचीही नळी सापडली की ज्याची त्याला कळवायची. पण हिच्यावर बोटभर शेवाळ, शिंपले, आमचं स्टिकर कधीच निघून गेलेलं. घासली तेव्हा खालून हे निघालं.

केवळाबाई : काय निघालं? वाच की.

वर्षाराणी : बाबा वाचतील.

सटवाजी : मी कशाला? तू शिकलेली हाईस.

वर्षाराणी : काल बैठक होती. स्क्रीनवर पाची देशांची माणसं. मालदीवच्या बाईंनी विचारलं, ही कुठली लिपी आहे? आणि आमच्या हैदराबादच्या ऑफिसातल्या शिवप्रसाद सरांनी चष्मा पुसून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'चि. वर्षाराणी, नायगाव बाजार, जि. नांदेड.'

केवळाबाई : अवो! काय केलंत ओ हे!

सटवाजी : जिल्हा बी वाचाया आला? पाच वर्सं खाऱ्या पान्यात राहून?

वर्षाराणी : बाबा!

सटवाजी : न्हाई, मी आपलं म्हन्लं. अक्षर टिकलं.

वर्षाराणी : कधी घातलंत?

सटवाजी : तुला जहाजावर सोडाया आलतो ना विशाखापट्टनमला, तवाच. शेडमधी तुमी समद्यांनी नारळ फोडला, नळ्यांला कुंकू लावलं आन् चहाला गेलात. मला म्हन्लीस, बाबा, हितं बसा, लक्ष ठिवा. मी लक्ष ठिवलं. छिन्नी पिशवीत व्हतीच.

केवळाबाई : कवा नसती? माज्या भाच्याच्या लग्नात पंगतीतल्या ताटावर घालत बसलेले, वाढप्याला थांबवून. लेकीच्या लग्नाची ताटं घालाया मिळंनात, म्हनून यंत्रावर हौस फेडली.

सटवाजी : माणसाएवढं उभं चकचकीत भांडं, आन् वर एक अक्षर न्हाई. हात शिवशिवला.

वर्षाराणी : भांडं नाही ते. त्याला ओरखडासुद्धा चालत नाही. वरचा थर गेला की मीठ ते ॲल्युमिनियम खात जातं. आणि एवढ्या खोल पाण्याचा दाब किती असतो माहितीय? तिथं तुम्ही हातोडीनं ठोके मारलेत!

सटवाजी : हळू मारले. ...वर्षे, एक इचारू? माज्यामुळं बंद पडली का ती?

केवळाबाई : सांग गं लवकर. दिवाळीपासनं हे अर्ध्या भाकरीवर हाईत. मला वाटलं दाढ दुखून राहिली.

सटवाजी : तू एकदा मायला फोनवर सांगत व्हतीस, एका नळीला केसाएवढी चीर गेली आन् पानी शिरलं. तवापासनं भ्या वाटून राहिलं. मंग हिचा निरोप यायचा बंद झाला. कुनाला बोलू? पोरगी पाच वर्सं जिवापाड जपून राहिली, आन् बापानंच...

वर्षाराणी : बॅटरी संपली, बाबा. चार वर्षांची म्हणून सोडली होती, पाच चालली. तिथं उघडून बघितली. आतून कोरडी ठणठणीत.

सटवाजी : कोरडी?

वर्षाराणी : कोरडी. पण नशीब समजा. 'र्षा'च्या रफारात मीठ शिरलंय. आणखी थोडं खाल्लं असतं तर पाणी आत होतं.

केवळाबाई : सुटलो बाई.

सटवाजी : मंग तू एवढं तोंड पाडून का आलीस?

वर्षाराणी : वीस दिवसांनी जहाज निघतंय. चौदा नळ्या आहेत, चौदाही माझ्या जिम्मेदारीवर. एकीला माझ्या ताब्यात असताना छिन्नी लागली, मग माझ्या हाती चौदा कोण देणार? सरांनी लेखी मागितलंय, हे कुणी केलं. आज संध्याकाळपर्यंत.

केवळाबाई : लिव की, ठाऊक न्हाई म्हनून.

वर्षाराणी : माझंच नाव आहे माय त्यावर, गावासकट!

केवळाबाई : हाव, ते बी खरंच.

सटवाजी : माजं नाव लिव. खोटं कायला लिवायचं? लिव, सटवाजी, भांड्यावर नावं घालनारा, नायगाव बाजार. गलती कबूल हाय, पोरीला जाऊ द्या. पायजे तर मी हैदराबादला येऊन सायबापुढं हुभा राहतो. लिव, माज्यादेखत लिव.

वर्षाराणी : लिहिलं.

सटवाजी : कवा?

वर्षाराणी : सकाळीच पाठवलं. खरं तेच लिहिलं. आमच्याकडं लग्नाला साऱ्या गल्लीची भांडी एकत्र येतात, म्हणून ताटा-तांब्यावर नाव घालतात, कुणाचंही भांडं शेवटी ज्याच्या त्याच्या घरी जातं. माझे बाबा पस्तीस वर्षं तेच काम करतात. त्यांना यंत्रापाशी एकटं बसवून मी चहाला गेले, ती चूक माझी.

केवळाबाई : आन् सायब काय म्हनले?

वर्षाराणी : स्टँडवर उतरले तेव्हा उत्तर आलं. जहाजावर तूच जा म्हणाले. फक्त वडील बंदरावर आले तर त्यांची पिशवी गेटवर ठेवून घ्या.

केवळाबाई : लई शाना सायब!

सटवाजी : म्हंजी एवढा येळ मला खामखा छळून राहिलीस?

वर्षाराणी : तुम्ही पाच वर्षं लपवलंत, मी पाच मिनिटं. आता पोटभर जेवा.

केवळाबाई : थांबा, चहा सांगते समोर. आन् सटवाजीराव, ते ताट ठिवा खाली, कवाधरनं एकाच अक्षरावर ठोकून राहिलेत.

वर्षाराणी : माय, थांब जरा. त्या मालदीवच्या बाईंनी एक विचारलंय. पत्र त्यांनाही गेलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, ताटावर घेणाऱ्याचं नाव असतं तसं देणाऱ्याचंही असतं. मामाकडून, बाबांकडून. मग हिच्यावर का नाही म्हणाल्या.

केवळाबाई : खरंच की. हे तर 'कडून' आधी घालतेत. जागा पुरली नसंल.

वर्षाराणी : फोटोत दिसतेय ना, खाली हातभर जागा आहे.

सटवाजी : लई जागा व्हती.

वर्षाराणी : मग?

सटवाजी : 'बाबांकडून' घातलं की लेक दिली, बाई. पस्तीस वर्सं लोकांच्या लेकी देऊन राहिलोय मी ताटावर. त्या दिशी तू त्या एवढ्या मोठ्या जहाजावर चढून राहिलीस. मला तू द्यायची न्हवतीस. म्हनून नुसता घरचा पत्ता घातला.