सोडलेली जोडी

हेमांगी: बाबा, आधी बाहेर या. कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात, वय काय तुमचं?

विश्वनाथ: अडुसष्ट. बादली इकडे सरकव.

हेमांगी: यार, रक्त आलंय हाताला.

विश्वनाथ: सकर माशाच्या पंखाला काटा असतो. काठाला बीळ करून बसतात हे. हात घातल्याशिवाय निघत नाहीत.

हेमांगी: सेक्रेटरी गेटवर लोक जमवतायत. म्हणे, सगळी सोसायटी मंगळवारी माशांना कणकेच्या गोळ्या घालते आणि तुमचे बाबा मासे मारतात. पाप लागेल म्हणाले.

विश्वनाथ: लागू दे. गोळ्या घालायला या तळ्यातले मासे उरलेत का, ते विचार त्यांना. वर फक्त हेच येतात.

हेमांगी: लेखी तक्रार करणार आहेत.

विश्वनाथ: करू दे. खाली माझी सहीसुद्धा घ्या म्हणावं.

हेमांगी: लोकांचं सोडा. हे आईचे मासे आहेत.

विश्वनाथ: आईचे दोन होते. या आठवड्यात मी सत्तर पुरलेत.

हेमांगी: त्या दोघांचीच पिल्लं ना? दहाव्याला घाटावर कावळा शिवत नव्हता. तासभर सगळे काहीबाही कबूल करत होते. शेवटी तुम्ही म्हणालात, लतिका, तुझे मासे काचेत ठेवणार नाही, मोकळे सोडीन. आणि कावळा आला.

विश्वनाथ: आला. दुसऱ्या दिवशी मी जोडी इथे आणून सोडली. कुणाला विचारलं नाही.

हेमांगी: शब्द दिलात तुम्ही आईला.

विश्वनाथ: दिला होता. आता मोडतोय.

हेमांगी: इतकं सहज?

विश्वनाथ: सहज नाही. दिल्लीच्या थंडीत हा मासा टिकत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. हिवाळ्यात तुझी आई टाकीत हीटर लावायची आणि स्वतः दोन स्वेटर घालून बसायची. ती गेल्यावर पहिल्या जानेवारीत मी रोज इथे यायचो. मेलेले तरंगताना दिसतील, असं वाटायचं. जिवंत दिसले. मी गार्डला पेढे दिले.

हेमांगी: मला फोन केला होतात. तेच तेच सांगत होतात.

विश्वनाथ: पाणी पूर्वीसारखं गार होत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चार हिवाळे झाले, एकही मेला नाही. इथल्या माशांची अंडी खाऊन टाकली यांनी. खायला मासे नाहीत म्हणून टिबुकल्या गेल्या.

हेमांगी: टिबुकल्या म्हणजे?

विश्वनाथ: बुडी मारणारं ते छोटं पाखरू. आई फोटो पाठवायची तुला.

हेमांगी: अच्छा, ते डुबकीवाले.

विश्वनाथ: ती रोज सकाळी त्यांच्यासाठी यायची इथे. टाकी तुझ्या हट्टाने आणलेली. तू मुनिरक्याला राहायला गेलीस, म्हणून ती सांभाळत बसली.

हेमांगी: हे मला कुणी सांगितलं नाही.

विश्वनाथ: तू विचारलं नाहीस.

हेमांगी: बाबा, घाटावर तुम्ही बोललात ना, तेव्हा मीही मनात काहीतरी म्हणाले होते.

विश्वनाथ: काय?

हेमांगी: बाबांना एकटं नाही सोडणार.

विश्वनाथ: आणि महिन्यातून एकदा येतेस.

हेमांगी: हो. पण कावळा कुणाच्या शब्दाला आला, कुणास ठाऊक.

(ती चपला काढून पाण्यात उतरते.)

विश्वनाथ: ड्रेस खराब होईल.

हेमांगी: होऊ दे. सेक्रेटरी येतायत बघा, चार जण घेऊन.

विश्वनाथ: बरं झालं. बादली जड झालीये.

हेमांगी: बीळ कुठे आहे?

विश्वनाथ: डावीकडे, मुळाखाली. हळूच हात घाल. आत नर असतो, अंडी राखत.

हेमांगी: लागला हाताला. बाबा, हा पळत नाहीये.

विश्वनाथ: नाही पळणार. बाप आहे तो. तरी काढ.