पन्नासच्या वर

लिलाबाई : ...आणि या बरण्या पुसायला घेतल्या की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही! कपाट भरलं, पलंगाखाली भरलं, आता देवघर तेवढं उरलंय. बसा अक्का. यांना भेटायला थेट चोपड्याहून कुणी आलं, हेच नवल.

तोताराम : बरण्या नाहीत हो अक्का, आकड्यांच्या नळ्या. ही जिनिंगच्या वजनकाट्यातली. ही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. आता नवी यंत्रं आली, यांना धुळ्यात कुत्रंही विचारत नाही. भंगारवाला काच म्हणून फोडतो. मला बघवत नाही, मग आणतो उचलून. तुम्ही एखादी आणलीय का?

यशोदाबाई : मी काही लयेल नही, भाऊ. मी देखाले वनी. जळगावना दवाखानामा येक यंत्र व्हतं, खाटनापान ठेवेल. माणूसनं काळीज कितला ठोका मारस, त्याना आकडा दावे. तठला शिपाई रुपचंद बोलना, ते भंगारमा गयं, आनी धुळाना तोतारामभाऊनी लिधं.

तोताराम : आहे की! ते तर मी जिवापाड जपलंय. शंभराची नळी गेलीय, बाकीच्या दोन ठणठणीत. थांबा, काढतो.

लिलाबाई : चेहरा बघा यांचा! जावई आला तरी इतका फुलला नव्हता. पण अक्का, तुम्हाला कशाला हवं ते यंत्र?

यशोदाबाई : ते खोटं बोलनं, माय. त्यानापायी मना पोऱ्या गया.

लिलाबाई : अगं बाई...

यशोदाबाई : पुना त्यानं नाव. मिसरूड फुटी राहिंती. लहानपणपाईन काळीज कमजोर. त्या रातले नर्सबाई येकली, आख्खा वार्ड तिनावर. माले बोलनी, “मावशी, आकडा पन्नासच्या खाली गेला की मला हाक मारा. वाचता येतं ना?” मी सांगं, येस ना, दुसरीलोंग शायामा जायेल शे मी. डोया लाईसन बसनी. चोपन्न व्हता. रातभर चोपन्न. पुना झोपेल, आकडा पन्नासना वर, मंग कसाले हाक मारू? पहाटले येकदम घसरना, घसरतच गया. मी बोंबलनी, नर्सबाई पयत वनी. पन तिना हातमा काही ऱ्हायनंच नही.

(तोताराम यंत्र आणून समोर ठेवतो, वायर जोडतो.)

यशोदाबाई : आमना मालक बोलनात, यंत्रच खोटं. बठ्ठा गाव तेच बोलस. मीबी तेच बोलू. आते तुम्ही माले तो आकडा परत दावा, भाऊ. चोपन्न पेटावा.

तोताराम : दाखवतो. फक्त हात लावू नका, झटका जबर बसतो. हे बघा, एकेका नळीत शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे आहेत. बारीक तारेचे, एकामागे एक उभे. ज्याच्या तारेला वीज मिळाली तो पेटतो, बाकीचे अंधारात. हा पाच... आणि हा चार.

(नळ्यांत नारिंगी आकडे पेटतात.)

यशोदाबाई : हाऊ नव्हता.

तोताराम : चोपन्नच आहे, अक्का.

यशोदाबाई : रातभर मना डोयासमोर व्हता तो. माले इसरता येई का? हाऊ नही. येकयेक दावा.

तोताराम : बरं. पहिल्या नळीपासून घेऊ. हा एक. हा दोन. तीन. चार.

यशोदाबाई : थांबा. हाऊ. हाऊ ऱ्हाऊ द्या. आते दुसरीमा.

तोताराम : पाच. सहा. सात. आठ.

यशोदाबाई : हाऊच व्हता. दोन्ही आसाच.

लिलाबाई : अहो, काय झालं?

तोताराम : कुठं काय. तू चहा टाक.

लिलाबाई : आत्ताच तर तुम्ही म्हणालात, चोपन्न आहे. मग हा...

तोताराम : लिला, जा म्हटलं ना.

यशोदाबाई : बोला भाऊ. मी देखी राहिनी तुमनं तोंड.

तोताराम : अक्का, तुमच्या मालकांचं बरोबर आहे. यंत्रच खोटं. जुन्या नळीत तारा वाकतात, एकीला एक चिकटते, एकीची वीज दुसरीला जाते. आत ठोके चोपन्नच होते, वर पेटलं भलतंच. तुम्ही अगदी बरोबर वाचलं. मनाला लावून घेऊ नका.

यशोदाबाई : आत चोपन्न आनी वर अठ्ठेचाळीस. मंग मी चोपन्न कसं वाचं, भाऊ?

तोताराम : अठ्ठेचाळीस... अक्का, तुम्हाला इंग्रजी आकडे वाचता येतात?

यशोदाबाई : औंदा गावमा साक्षरताना वर्ग सुरू झाया. म्हतारपनी जाईसन बसनी. बाईनी फयावर आपला आकडा आनी इंग्रजी आकडा जोडीजोडीनी लिखात. त्यासना चार, आपला पाचसारखा. त्यासना आठ, आपला चारसारखा, फक्त डोकं झाकेल. मी तठेच उठीसन उभी राहिनी. बाई बोलनी, काय झायं आजी? मी काय सांगू तिले? मनमा म्हटलं, यंत्रमा आकडा येगळा व्हई. येकदाव देखी येऊ. तितलीच आस व्हती.

तोताराम : तुमची काय चूक त्यात? मराठी शाळेत शिकलेलं माणूस मराठीच वाचणार.

यशोदाबाई : “माले वाचता येस” हाई मीच सांगं ना! कितला गर्व व्हता माले त्या दुसरीना. नही येस बोलती, तर ती घडीघडी येईसन देखती.

तोताराम : काळीज मुळात कमजोर होतं. हाक मारली असती तरी कदाचित...

यशोदाबाई : कदाचित. पन मारी नही ना.

तोताराम : अक्का, मी तुम्हाला खोटं बोललो. वाईट वाटून घेऊ नका.

यशोदाबाई : नही भाऊ. तुम्ही आईकी लिधं. घरमा कोनले सांगू? मालक त्या यंत्रले शिव्या देतस, त्यामा तेसना दिन जास. तेसले हाई सांगी टाकं तर ते शिव्या कोनले देतीन?

लिलाबाई : चहा घ्या अक्का... अहो, काय करून ठेवलंत हे? रडवलंत त्यांना! बंद करा आधी ते.

तोताराम : हो, हो. काढतो वायर.

यशोदाबाई : नका काढू, ऱ्हाऊ द्या थोडा येळ. जवलग हाऊ आकडा पेटेल व्हता, तवलग मना पुना जित्ता व्हता.