शेळीचे दात

गुरांच्या दवाखान्यात बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या पायाशी तिची म्हातारी शेळी.

“हिच्या दातांवर हे तपकिरी डाग कसले हो?”

“फ्लोराइडचे. करडू असताना आमच्या बोअरचं पाणी प्यायची. हिरडीत दात घडत होते, त्यांनी ते शोषून घेतलं.”

“पाणी बदलून जात नाहीत?”

“दात एकदा धरलेलं सोडत नाहीत, ताई. हे डाग बघूनच डॉक्टरांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? माझी लेक तेव्हा तान्ही होती. त्याच दिवशी बोअर बंद केली.”

“गुणाची गं बाई ही.”

“आता हिला चाववत नाही, चारा बारीक करून भरवते. लोक म्हणतात, कशाला पोसतेस?”

“मग?”

“मी लेकीला हाक मारते. म्हणते, जरा हसून दाखव यांना.”