एका चांदणीचा जवाई

माहा जन्म जऊळक्याचा, टेसनाच्या पलीकडं आमचं घर होतं, तिसरीत गुरुजीनं उगाच छडी मारली तं दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही, बाप म्हने काहून रे, मी म्हनलं नाही जात म्हनजे नाही जात, तवापासून हाच सोभाव हाय माहा, लिहून घ्या. मंग बापानं कारंज्याले एका उस्तादाजोळ नेऊन टाकलं. उस्ताद शेठ लोकायच्या लग्नाचा सैपाक करे, जैनायच्या घरचा, तिथं कांदा नाही, लसन नाही, आलू नाही, पानी गाळून घ्याचं अन् दिवस बुडाच्या आत शेवटची पंगत उठली पाह्यजे. बिनकांद्याची भाजी लोकायनं बोटं चाटून खावी, हे मले त्यानं शिकवलं. अजून एक शिकवलं. भट्टी पेटवाच्या आधी तिले हळद-कुंकू, नारळ, अन् एकडाव पेटली का चपला घालून जोळ कोनी याचं नाही, मालक असो का मालकाचा बाप.

तेच मी जलमभर पाळलं. शेवटची पंगत उठली का पोरीचा बाप दुपट्टा-नारळ घेऊन भट्टीजोळ ये, मी उस्तादासारखा हात जोडून इचारो, काही कमी-जास्त झालं का मालक, तो जे सांगे ते मी आयको. झालं. हेच आमचं सर्टिफिकेट. कोन्या फोनले इचाराची गरज नोती पडत.

आता काय सांगू तुमाले, डोकं फिरते. पोरगा माहा भांड्यायचा टेम्पो चालवते अन् फोनचं सारं सून पाह्यते, सरला. तिनं आमचं नाव फोनमधल्या नकाशावर टाकलं, मी म्हनलं टाक, माहं काय जाते. मंग मानोऱ्याकडं एक लग्न होतं. त्या घरचा मोठा जवाई, बूट चमकवत भट्टीजोळ आला अन् कढीचं झाकन उचलून पाह्यलं. मी म्हनलं जवाईबुवा, पायातलं बाहेर. तो म्हने मी कोन हाय माईत हाय का. मी म्हनलं माईत हाय, जवाई हाय, म्हनूनच हात जोडून सांगतो, दुसरा असता तं झारा हानला असता. गेला फनफनत. अन् पंगतीत बसून वांग्याची भाजी तीनदा मागितली त्यानं, तीनदा! मीच वाढली, माह्या हातानं.

तिसऱ्या दिवशी सरला फोन घेऊन आली, तोंड उतरलेलं. पाच चांदण्या देता येते म्हने लोकायले, यानं एक देली. लिहिलं काय, भाजी कच्ची, आचारी उर्मट. अन् आमच्या नावाखाली तेवढं एकच लिहिलेलं, दुसरं कायीच नाही, म्हनजे जो पाहीन त्याले तेच दिसीन. वैशाखातली दोन लग्नं हातची गेली. त्यातल्या एका घरच्या दोन मोठ्या पोरीयची लग्नं मी जेवू घातली होती, दोन! मी दारात जाऊन इचारलं काहून, तं मालक खाली पाहून म्हने, पोरायनं फोनवर वाचलं, आयकत नाहीत. वाशिमचे टोप्यावाले केटरिंगवाले आनले त्यायनं.

सरला म्हने बाबा, लोकायले मागा लागते, दोन शब्द लिहा म्हनून. मी म्हनलं मी भीक मागू? या वयात? ते म्हने भीक कायची, नारळ घेतांना तुमी इचारता न, तेच लिहून मागाचं. मी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. मंग म्हनलं ठीक हाय, मागतो, पन माह्या रीतीनं.

पुढच्या लग्नात भर पंगतीत बँडवाल्याचा माइक घेतला अन् म्हनलं, ज्यायनं ज्यायनं जेवलं त्यायनं फोन काढा अन् लिहा, रामकिसन आचाऱ्याचा सैपाक फस्क्लास. लोक हासले, पन मी एकेकाच्या पुढं बादली धरून उभा, लिहिल्याबिगर बुंदी वाढो नाही. वरनाच्या बोटानं लिहिलं लोकायनं. तीसच्या वर झाले. मी खुश. आठ दिवसात सारे गायब! राह्यला तो एक जवाई. सरला म्हने, एकाच जागेवरून, एकाच घडीले, एकच वाक्य, त्या फोनले वाटलं खोटं हाय. अरे, खोटं? ढेकर देऊन लिहिनारे खोटे अन् तीनदा भाजी खाऊन कच्ची म्हननारा खरा? कोनता न्याय हा?

मंग सरलानंच हाती घेतलं. लग्नघराले दोन दिवस झोपू द्याचं, पाहुने गेले का पोरीच्या मायले फोन लावाचा, मंग लिहाची जागा पाठवाची, अन् सांगाचं का मनानं लिहा, कमी असलं तं तेबी लिहा. यावर मी पुन्हा पेटलो, तू पैलेच शिव्या मागतं का व? ते म्हने बाबा, भट्टीजोळ तुमी कमी-जास्त इचारता, नुसतं जास्त इचारत नाही. उस्ताद बोलल्यासारखं वाटलं मले.

आता लिहिनारे अकरा झाले. एकीनं लिहिलं, कढी आंबट होती. खरं हाय, दही शिळं होतं, मले माईत होतं. अन् त्या जवायाले उत्तर म्या सांगितलं, सरलानं लिहिलं, भाजी तीनदा वाढली, मीच वाढली. बूट घालून आले म्हनून हाकललं. पुढच्या डाव पायातलं काढून या, चौथ्यांदा वाढतो. सरला म्हने हे नरम करू, मी म्हनलं एक अक्षर हालवाचं नाही.

मागच्या हप्त्यात कारंज्याचा एक शेठ आला, किराना दुकानवाला, पोरीचं लग्न. मी इचारलं, चांदण्या पाहून आले का? तो म्हने नाही, ते बुटाचं वाचून आलो. अन् पाह्यलं तं त्यानं चपला पार फाटकाबाहेर काढून ठेवल्या होत्या.

गेलेली दोन घरं वापस नाही आली, नाही येनार, नोका येऊ. पोरी सुखी राहो त्यायच्या. जवायाचंबी भलं होवो. सरला म्हने त्याचं लिहिलेलं काढता येते का पाहू, मी म्हनलं राहू दे, त्याच्या खाली माहं उत्तर हाय.

तुमी आले तवा चपला बाहेर काढल्या, मी पाह्यलं. आता जेवून जा. अन् काही कमी-जास्त झालं तं तोंडावर सांगजा.