राखीव जागा

फुटबॉलच्या मैदानाबाहेर पालकांची रांग लागली होती. उद्या आपल्याही लेकीची निवड चाचणी आहे म्हणून अंदाज घ्यायला आलेल्या दंतवैद्यानं पुढच्या दोघांच्या बोलण्याकडे कान लावले.

"पहिलाच सामना वाटतं?"

"हो ताई. पोरीची संघात निवड झाली, आणि तीही राखीव! प्रशिक्षकांनी स्वतः सांगितलं."

"छान. आता तुम्ही धीर धरायला शिका."

"धीर कशाला? जागाच राखीव म्हटल्यावर तिला उठवतंय कोण?"

"कुणीच उठवत नाही, तेच तर दुखणं आहे. राखीव म्हणजे बाकावर बसायचं, भाऊ. कुणी दमलं, कुणी लंगडलं, तरच आत."

"काय सांगता! मी अख्खी सासुरवाडी गोळा केलीय."

"लेक काही बोलली नाही?"

"सकाळपासून म्हणतेय, बाबा, कुणाला आणू नका. मला वाटलं, लाजतेय."

"मग सासूबाईंना आत्ताच सांगून टाका. आमचा पहिलं वर्षभर बाकावरच होता. तो मजेत असायचा, रडायचे त्याचे बाबा."

तो माणूस घाम पुसत सासूबाईंकडे वळला.

"आई, आपली पोर आज बहुतेक पळणार नाही. नुसती बसणार आहे."

"एकाच जागी?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"तसंच दिसतंय."

"बरं झालं बाई! त्या पळापळीत आपली कुठली, हे मला चष्मा लावूनही कळलं नसतं. चला, बाकासमोरच्या खुर्च्या धरा. आज नातीला डोळे भरून बघते."