मदिनाबींचे शब्द, माझी पोटदुखी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, पलूसच्या तंत्रशिक्षण संस्थेचे चालक माननीय श्रेणिकअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती अजीमभाई, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मातोश्री मदिनाबी आणि निदान चहा येईपर्यंत थांबायचं ठरवलेल्या कोरेगावकर सज्जनहो,

आरंभी एक गंभीर तक्रार. आत्ता आम्हा सर्वांना नारळ दिले. अण्णांच्या नारळाला वीतभर शेंडी आहे. माझा मात्र तुळतुळीत! सहा वर्षं पाठशाळेत संस्कृत घोकलेल्या माणसाच्या हाती असं फळ द्यावं? असो. षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा. आज मी त्याला पहिला मान देणार आहे.

अजीमचं स्टँडजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आपण जाणताच. माझा फोन चार वर्षांचा झाला आणि कंपनीनं हात वर केले: यापुढं सुधारणा नाहीत, नवा घ्या. अजीमनं त्यात मुक्त प्रणाली घातली. म्हणजे फोन चालवणारी अशी आज्ञावली, जी कुणीही उघडून वाचावी, चुकलं तिथं दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. तो फोन आज नवव्या वर्षात धडधाकट आहे. त्याच्या मालकाबद्दल असं म्हणवत नाही.

पुढं त्या प्रणालीतल्या सूचना मराठीत आणायचं ठरलं. अजीम माझ्याकडं आला. मी उदार मनानं पन्नास शब्द दिले. 'पुनःप्रारंभण'. 'संचयस्थान-परिपूर्ती'. त्यानं ते आधी घरच्या फोनवर घालून पाहिले. दुसऱ्याच दिवशी मदिनाबी फोन घेऊन माझ्या दारात!

"आवं पत्रकार, ह्यो काय म्हणतुया बगा. मला वाटलं, कोन गेलं का काय."

"चाची, फोनमधली जागा भरली, असं म्हणतोय."

"मग 'जागा भरली' म्हणाया त्याच्या तोंडाला काय झालं? तुमचं शब्द लय चांगलं हायती. तुमच्या देव्हाऱ्यात ठिवा."

मग बाकीचे शब्दही अजीमनं आईलाच विचारून घातले. आज त्या प्रणालीच्या फोनांत 'जागा भरली' असंच येतं. आणि जगभर दिसणाऱ्या अनुवादकांच्या यादीत नाव आहे, सही करायला तीन मिनिटं घेणाऱ्या मदिनाबींचं. माझ्या बातम्यांवर सव्वीस वर्षं 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच छापून येतं. पोटात दुखू नये?

आणि अण्णा, तुमच्या सांगलीकडं हळद आहे, द्राक्षं आहेत. आमच्याकडं एक अजीम होता. तोही तुमच्या पोरांना शिकवायला घेऊन निघालात?

खरं तर तो आम्हालाही शिकवायला तयार होता. "सर, बसा की. ह्यात लपवायजोगं काय बी न्हाई." दर वेळी म्हणायचा. मी चहा प्यायचो आणि उठायचो. घरी येऊन 'सर्वांना खुलं असलेलं ज्ञान' या विषयावर लेख लिहायचो. तसं आमच्या संस्कृतच्या वर्गालाही कुलूप नव्हतं. शेवटच्या वर्षी बाकावर मी एकटा होतो.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. कुणाला काही टोचलं असेल, तर ते त्या सहाव्या रिपूच्या खाती घाला आणि मला मोकळं करा.

आता थट्टा पुरे. दिवाळीच्या आसपास माझ्या फोनची प्रणाली बदलावी लागेल, असं अजीमनं बजावलंय. बाजारपेठेत असे चाळीस फोन आहेत. सगळं उघडं आहे, शिकेल त्याला येण्याजोगं आहे. पण उद्या सकाळची पलूसची एसटी सुटली, की कोरेगावात ते करता येणारा एकही माणूस उरत नाही. मला त्याची भीती वाटते.